परवानगी कुणाची? हिमायतनगरच्या एका प्रश्नाचे शंभर वर्षांचे उत्तर

हिमायतनगर हे नाव वाचताच नांदेड जिल्ह्यातील वाचकांना आपला तालुका, म्हणजे जुना वाढोणा, आठवेल. प्रस्तुत लेखातील हिमायतनगर मात्र हैदराबाद शहरातले आहे. सातव्या निजामांचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान यांच्या नावाने ही वस्ती ओळखली जाते. उर्दू हॉल याच वस्तीत आहे. शेजारच्या नारायणगुड्यात केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली केशव मेमोरियल शाळा आहे, आणि थोडे पुढे गेले की काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार लागतात. हैदराबादी मराठी माणसाचा जुना वावर याच टापूत.

न्यायालयीन कामानिमित्त आम्ही तेथे गेलो असता एका शिक्षिकेची भेट झाली. आठवडाभर त्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवतात आणि रविवारी सकाळी आपल्या घराच्या दिवाणखान्यात आसपासच्या दहा-बारा मराठी मुलांना मराठी वाचायला शिकवतात. या मुलांच्या घरी मराठी बोलली जाते. हिंदीच्या तासामुळे त्यांना देवनागरीही येते. पण वाचताना 'ळ' आला की ती थबकतात, कारण शाळेतल्या हिंदी वर्णमालेत तो नाही.

बाईंनी संगणकावर मोठा संसार मांडला आहे. वाईच्या मंडळाचा मराठी विश्वकोश, केतकरांचा ज्ञानकोश, बालभारतीची पाठ्यपुस्तके, केंद्र सरकारच्या 'दीक्षा' मंचावरील पाठ, मराठी विकिस्रोत, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येणारे मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे शब्दकोश. प्रत्येक साधन त्या आधी स्वतः वापरून पाहतात आणि मगच मुलांपुढे ठेवतात. एवढे दाखवून झाल्यावर त्यांनी मूळ अडचण सांगितली. जवळच्या एका ग्रंथालयात मराठी पुस्तकांचे एक कपाट आहे. ते क्वचितच उघडते आणि आतल्या पुस्तकांना वाळवी लागली आहे. त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, ही पुस्तके मी मोबाइलने छायांकित करून मुलांना दाखवली, तर परवानगी कुणाची घ्यावी लागेल?"

कायद्याचे उत्तर आम्ही तेथेच दिले. ते पुढे येईलच. परंतु परतीच्या गाडीत 'परवानगी' हा शब्द आमची पाठ सोडीना. कारण हैदराबादच्या मराठीचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास लिहायचा झाला, तर तो या एका शब्दाभोवती लिहिता येईल.

निजामाचे संस्थान बहुभाषी होते. तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कर्नाटकाचे तीन असे जिल्हे त्यात होते. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी, तर राज्यकारभार उर्दूत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे म्हणून स्थापन झाले आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले गेले. उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देता येते, हे त्या विद्यापीठाने दाखवून दिले, आणि त्याबद्दल त्याचा आदरच केला पाहिजे. परंतु ज्या राज्याला एका देशी भाषेचे हे सामर्थ्य दिसले, त्याला आपल्याच बहुसंख्य प्रजेच्या तीन भाषांमध्ये ते दिसले नाही. या भाषांना जे काही मिळाले, ते लोकांनी आपल्या खिशातून उभारलेल्या शाळांनी आणि वाचनालयांनी दिले.

१ सप्टेंबर १९०१ रोजी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय हैदराबादेत सुरू झाले. त्याच्या संस्थापकांत कोमर्राजू लक्ष्मणराव होते. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले होते. मराठीत ते सहज लिहीत, आणि शिवाजी महाराजांचे चरित्र त्यांनी तेलुगूत लिहिले. पुढे तेलुगू ज्ञानकोशाचे कामही त्यांनीच हाती घेतले. १९०७ मध्ये मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी शाळा निघाली. तिच्या उभारणीत केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक अग्रभागी होते. केशवराव वकील होते आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आमच्या व्यवसायातील एका माणसाने शाळा काढण्यासाठी पदर खोचला होता, ही गोष्ट आम्हांस आजही बळ देते.

या संस्था ज्या भागात वाढल्या, त्याचेही एक कारण आहे. आजचा सुलतान बाजार तेव्हा रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई आणि १९३३ पर्यंत तो ब्रिटिश रेसिडेंटाच्या अखत्यारीत होता. तेथे संस्थानाचा हुकूम थेट चालत नसे. सभा, वृत्तपत्र, वाचनालय यांना त्या चिंचोळ्या पट्ट्यात थोडा मोकळा श्वास घेता येई. रस्ता ओलांडून संस्थानाच्या हद्दीत पाऊल टाकले की सभाबंदीची कुप्रसिद्ध 'गश्ती निशान ५३' आडवी येई. खासगी शाळा उघडण्यावरही परवानगीचे बंधन आले. म्हणजे पाटी-पेन्सिल जवळ आहे, शिकवणारा तयार आहे, शिकणारा दारात उभा आहे, आणि तरीही शाळा भरत नाही, कारण कागदावर सही नाही.

इथवरचा इतिहास सांगताना आपल्याला अभिमान वाटतो. यापुढचा सांगताना मान थोडी खाली घालावी लागते, आणि म्हणूनच तो सांगणे अगत्याचे आहे.

नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या सभागृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी अशा भाषांतील भाषणे शांतपणे ऐकली गेली. १२ तारखेला अल्लमपल्ली वेंकट रामाराव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले, आणि सभेत टाळ्या पिटून, हुल्लड करून त्यांना बोलू दिले गेले नाही. तेलुगू राजधानीत, तेलुगू माणसाला, तेलुगूत बोलताना! आणि तेही मराठी शाळेच्या छताखाली. त्याच रात्री काही तेलुगू तरुण एकत्र जमले आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन १९३० मध्ये जोगिपेठेत झाले. त्या आरंभीच्या मंडळींत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले बुर्गुला रामकृष्णराव होते, जे १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले.

त्या दिवशी सभा उधळणाऱ्यांना कुणाची परवानगी लागली नव्हती. आपली शाळा परक्या हुकमाने अडते तेव्हा आपण तक्रार करतो, आणि आपल्या सभागृहात शेजाऱ्याची भाषा आपणच अडवतो. सीमाभागात भाषेचा लढा लढणाऱ्या प्रत्येकाने १२ नोव्हेंबर १९२१ ही तारीख ध्यानात ठेवावी, असे आमचे प्रामाणिक मत आहे. दुसऱ्याच्या भाषेला नाकारलेला आवाज आपल्या भाषेसाठी मागण्याचा नैतिक अधिकार कुणालाही राहत नाही.

१९३१ मध्ये याच हैदराबादेत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. १९२० ते १९२९ या काळात प्रसिद्ध झालेले महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड तेव्हा नुकतेच पुरे झाले होते. ज्या नगरात मराठी राज्यकारभाराची भाषा नव्हती, तेथे मराठीचा पहिला मोठा ज्ञानकोश रचणारा माणूस संमेलनाचा अध्यक्ष म्हणून उभा होता. आज तेच खंड यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाच्या प्रयत्नाने महाजालावर आहेत, आणि हिमायतनगरातील दहा वर्षांचे मूल घरबसल्या ते उघडू शकते. आजोबांच्या काळी ज्यासाठी कपाटाची किल्ली आणि ग्रंथपालाची मर्जी लागे, ते आता बोटाच्या टोकावर आले आहे.

आता बाईंच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. केतकर १९३७ मध्ये गेले. त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील हक्क केव्हाच संपला आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यावर कुणाचाच हक्क नाही. अशा पुस्तकांसाठी कुणाची परवानगी लागत नाही. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकांबाबतही कलम ५२ शिक्षकाला सवलत देते. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हक्कभंग ठरत नाही, आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने छायाप्रतींच्या गाजलेल्या खटल्यात या शब्दांचा उदार अर्थ लावला आहे. अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवता येते. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी करता येतात. मात्र हक्क शिल्लक असलेले संपूर्ण पुस्तक महाजालावर सर्वांसाठी खुले करणे या सवलतीत बसत नाही. म्हणून आम्ही बाईंना सांगितले की वर्गापुरते खुशाल वापरा, कपाटाच्या जतनासाठी ग्रंथालयाच्याच नावाने लेखी प्रस्ताव द्या, आणि प्रत्येक पुस्तकाच्या लेखकाचे निधनवर्ष एका वहीत नोंदवून ठेवा.

त्या वहीच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट सुचवली. यंत्राला आपला प्रदेश कळत नाही. 'गश्ती' हा शब्द साधनांना विचारला, तर ती पहारा आणि गस्त यांकडे नेतात. आपल्या आजोबांच्या कागदांत मात्र गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. संस्थानातील कागदावर १३३४ असे साल दिसले, तर यंत्र चौदाव्या शतकात जाऊन पोहोचेल. ते फसली साल आहे; त्यात ५९० मिळवले की १९२४ येते. हे ज्ञान कोणत्याही मंचावर आपोआप उगवणार नाही. ते ठाऊक असणारी पिढी हयात आहे तोवर विचारून लिहून ठेवणे, हे शिक्षक आणि ग्रंथपाल यांचेच काम आहे.

परवानगीचा प्रश्न मात्र एवढ्याने संपत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद शहरातील मराठी माणूस भाषिक अल्पसंख्य झाला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्य बालकांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी प्रत्येक राज्याने झटावे, असे तो सांगतो. साधने आज विनापरवाना मिळतात. शाळेच्या वेळापत्रकातील तास मिळत नाही. भाषा टिकते ती त्या तासाने. रविवारचा दिवाणखाना हा त्या तासाचा पर्याय नव्हे, तो त्याची आठवण जागी ठेवणारा दिवा आहे.

याच न्यायाने दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. तेलंगणाने २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू अनिवार्य केली. महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी तेच केले. त्याआधी २००४ मध्ये उषा मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील अल्पसंख्य भाषिक शाळांतही मराठी अनिवार्य करणे वैध ठरवले होते. जो नियम आपण मुंबईत योग्य मानतो, तो हैदराबादेत अन्यायाचा होत नाही. तेथील मराठी मुलाने तेलुगू उत्तम शिकावी, आणि त्याशिवाय मराठीचा तासही मागावा. या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत.

हे आम्ही तत्त्व म्हणून सांगत होतो. बाईंना ते आधीच साधले होते. 'ळ'पाशी थबकणाऱ्या मुलांना त्यांनी शाळेचे तेलुगू पुस्तक उघडायला लावले. तेलुगू वर्णमालेत 'ळ' आहे, आणि मुले तो रोज वाचतात. बाईंनी फळ्यावर तेलुगू अक्षर काढले, शेजारी मराठी 'ळ' काढला आणि फक्त बोट फिरवले. त्या दिवसापासून मुलांचे 'बाळ', 'शाळा', 'फळा' अडले नाहीत.

शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरातील मराठी सभागृहात तेलुगूला बोलू दिले नव्हते, त्याच शहरात तेलुगूचे एक अक्षर मराठी मुलाच्या मदतीला धावून आले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आमच्या शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे की साधने अवश्य वापरा, कपाटे उघडायला लावा, तासाची मागणी लेखी करा. आणि शेजाऱ्याच्या पुस्तकातले एखादे अक्षर आपल्या फळ्यावर घ्यायला कचरू नका. त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही.