कोंकणची आगबोट आणि दोन घरें

कोंकणचा खरा हमरस्ता समुद्र हाच होता. सह्याद्रीनें कोंकणास देशापासून तोडलें, खाड्यांनीं एका तालुक्यास दुसऱ्या तालुक्यापासून तोडलें, आणि या तुटलेल्या पट्टीला मुंबईशीं जोडण्याचें काम समुद्रानें केलें. या मार्गावरून शंभर वर्षांहून अधिक काळ आगबोटी चालल्या. त्यांचा इतिहास कंपन्यांचा, भाड्यांचा आणि चढाओढीचा म्हणून सांगतां येतो, व तसा तो पुष्कळदां सांगितलाहि गेला आहे. परंतु सणासुदीला मुलानातवंडांच्या भेटीस निघालेलीं आजोबा-आजी त्या बोटींच्या डेकवर बसलेलीं कल्पनेनें पाहिलीं, म्हणजे तोच इतिहास कोंकणी कुटुंबाचा इतिहास होतो. मुंबईची कमाई आणि कोंकणची माती यांच्यामध्यें विभागलेलें घर मोडूं न देतां एकत्र बांधून ठेवण्याचें श्रेय ज्या थोड्या गोष्टींना आहे, त्यांत आगबोटीचें नांव बरेंच वर लागेल.

आगबोटीपूर्वींचा प्रवास कसा होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिचें महत्त्व कळतें. जमिनीवरून जावें तर घाट, जंगलें आणि जागोजागीं तरींतून ओलांडावयाच्या खाड्या. महर्षि धोंडो केशव कर्वे हे १८७५ सालीं एका परीक्षेसाठीं मुरुडाहून साताऱ्यास कुंभार्ली घाटानें पायीं गेले, तें अंतर शंभर मैलांहून अधिक होतें. तरुण पायांना तें साधलें. साठी ओलांडलेल्या माणसाला साधण्याजोगें नव्हतें. समुद्रावरून जावें तर पडाव, मचवे आणि गलबतें होतीं. पण तीं सर्वस्वी वाऱ्याच्या स्वाधीन. वारा पडला म्हणजे एखाद्या भूशिराच्या आडोशाला खोळंबून राहावें लागे. असा प्रवास व्यापारी करी, खलाशी करी, नोकरीच्या शोधांत निघालेला मुलगा करी. नुसत्या भेटीसाठीं, नातवाचें तोंड पाहावें एवढ्यासाठीं, म्हातारें माणूस घराबाहेर पडण्याचा प्रसंग क्वचितच येई.

वाफेच्या शक्तीनें ही स्थिति पालटली. मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० सालीं मुंबईहून सुएझकडे निघाली. दूरच्या टपालासाठीं आलेली ही वाफेची शक्ति पुढें किनाऱ्यावरील बंदरांच्याहि कामीं आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शेफर्ड कंपनीच्या बोटी पश्चिम किनाऱ्यावर फिरत होत्या. स्वदेशीच्या चळवळींत या परक्या कंपनीशीं सामना देण्यासाठीं आपल्या लोकांनीं भागभांडवल गोळा करून आपल्या बोटी आणल्या. त्या कंपनीचें इंग्रजी नांव लांबलचक होतें. कोंकणी माणसानें तें बाजूस ठेवून तिला ‘माझी आगबोट कंपनी’ असें म्हणावयास सुरुवात केली. या ‘माझी’ शब्दांत सर्व कांहीं आलें. बोटींना तुकाराम, रामदास अशीं संतांचीं नांवें दिलीं गेलीं. ज्या बोटीवर तुकोबांचें नांव आहे, तिच्यावर पाय ठेवतांना वारकरी म्हाताऱ्याला परकेपणा कसा वाटावा?

पण बोट भरण्यास माणसें कोठून आलीं? त्याचें उत्तर मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत आहे. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, आणि पुढील दोन पिढ्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतून माणसांचा ओघ मुंबईकडे लागला. १९२१ च्या खानेसुमारीच्या वेळीं मुंबईंत दोन लाखांहून अधिक माणसें रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलीं होतीं. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा बराच भाग तेव्हां त्यांतच मोडत असे. कर्ता मुलगा मुंबईंत चाकरमानी झाला. म्हातारे आईबाप भातशेती, कुळाचार आणि देव सांभाळीत मागें राहिले. पोस्टाची मनिऑर्डर दरमहा येई, तिनें पोटाची सोय होई. पण मनिऑर्डरीबरोबर नातवंड येत नसे. गिरणीतला कामगार बहुधा बिऱ्हाड गांवींच ठेवी व स्वतः शिमग्याला किंवा गणपतीला घरीं येई. ज्याची कारकुनी होती, ज्याचें गिरगांवांत दोन खोल्यांचें बिऱ्हाड होतें, त्याच्या घरीं मात्र उलट वाट चाले. तेथें आजोबा-आजी दिवाळीला मुंबईस जात, आणि मे महिन्याच्या सुटींत नातवंडें कोंकणांत येत.

या जाण्यायेण्याचें पंचांग समुद्र ठरवीत असे. पावसाळा तोंडावर आला कीं बोटी बंद होत, आणि सुमारें तीन महिने कोंकण मुंबईपासून जणूं तुटून पडे. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस नातवंडांना परत पाठवितांना म्हातारीच्या डोळ्यांस पाणी येई तें उगाच नव्हे. पुढील तीन महिन्यांत कोणाचें बरेंवाईट झालें तरी धांवून जाण्यास वाट नसे. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रास अर्पण होई, दर्या हळूहळू निवळे आणि मग बोटी पुन्हा सुरू होत. भात कापणीला येई, कोठें कोठें घरांत येऊनहि पडे. नव्या भाताचे पोहे हा कोंकणच्या दिवाळीचा मान. तेच पोहे गांठोड्यांत बांधून आजी मुंबईच्या बोटीची वाट पाहूं लागे. त्या गांठोड्यांत आणखी काय नसे? कुळथाचें पीठ, आमसुलें, फणसाचे पापड, आंब्याचें साठ, शेंडी राखून सोललेले नारळ. मुंबईंत हें सर्व विकत मिळतें, असें मुलगा दरवर्षीं पत्रांतून लिही, आणि दरवर्षीं गांठोडें तेवढेंच मोठें येई.

बंदरावरचा प्रसंग म्हाताऱ्यांच्या कसोटीचा असे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें या बंदरांपैकीं पुष्कळ ठिकाणीं बोट धक्क्यास लागत नसे. ती खोल पाण्यांत उभी राही. किनाऱ्यापासून मचव्यापर्यंत कमरभर पाणी असेल तेथें खलाशी माणसास खांद्यावर घेऊन जात. ज्या आजीनें आयुष्यांत परक्या पुरुषासमोर पदर ढळूं दिला नाहीं, तिला खलाशाच्या खांद्यावर बसून जावें लागे. आणि नातवंडाच्या ओढीपुढें हाहि संकोच गळून पडे. मचवा बोटीच्या कुशीस लागला कीं लाटेसरशीं वर येई, खालीं जाई. नेमक्या क्षणीं हात धरून माणसास शिडीवर ओढून घेण्याचें कसब त्या खलाशांजवळ होतें. त्यांचीं नांवें कोणत्याहि बखरींत नाहींत, पण हजारों म्हातारीं माणसें त्यांच्याच हातानें सुखरूप चढलीं आणि उतरलीं.

एकदां डेकवर पथारी पसरून जागा धरली, कीं मग या प्रवासाचें दुसरें अंग सुरू होई. बोट लागूं नये म्हणून कोणी लिंबू हुंगीत बसे, कोणी आमसूल चघळी. सोंवळेंओंवळें पाळणारीं माणसें घरून आणलेल्या दशम्या व कोरडा फराळ यांवरच राहत. पणजीहून निघणारी बोट सुमारें एका दिवसांत मुंबईस पोंचे. हा एक दिवस म्हणजे त्या आजोबा-आजींच्या आयुष्यांतील एकमेव विसांवा असे. शेत नाहीं, गोठा नाहीं, चूल नाहीं. बसून राहण्यावांचून कांहीं करावयाचेंच नाहीं. ज्या स्त्रीनें चाळीस-पन्नास वर्षें पहांटे उठून चूल पेटविली, तिला सूर्योदय निवांतपणें पाहावयास मिळाला तो बहुधा आगबोटीवर. आज समुद्रपर्यटन म्हणून जें सुख मोल देऊन घेतलें जातें, तें या लोकांना डेकच्या तिकिटांत, गर्दी आणि धूर यांच्या सोबतीनें मिळून जाई.

आजोबांना तर बोट म्हणजे फिरती शाळाच. मालवणचा सिंधुदुर्ग मागें पडला, कीं त्याचें बांधकाम १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं सुरू केलें, हें शेजाऱ्यास सांगावें. विजयदुर्ग दिसला, कीं आंग्र्यांच्या आरमाराची गोष्ट निघावी. १७५६ सालीं वॉटसन आणि क्लाइव्ह यांनीं पेशव्यांच्या साह्यानें तो घेतला आणि मराठ्यांनींच मराठ्यांचें आरमार बुडविलें, या दुःखावर दोन म्हाताऱ्यांचा वाद जुंपावा. पुढें रत्नदुर्ग, जयगड, सुवर्णदुर्ग. घाटावरच्या माणसाला हे किल्ले पुस्तकांतून ठाऊक. बोटीच्या प्रवाशाला ते माळेच्या मण्यांप्रमाणें एकामागून एक दिसत. रात्रीं दीपगृहांचे झोत फिरूं लागत, कोठेंतरी टाळ वाजे आणि भजन सुरू होई. अनोळखी माणसें एका रात्रींत एकमेकांचीं गांवें, कुळें आणि सोयरिकी काढून नात्यांत येत. पहांटे मुंबईचे दिवे दिसत, आणि भाऊच्या धक्क्यावर, म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांचें नांव चालविणाऱ्या धक्क्यावर, बापाचें बोट धरून उभें असलेलें नातवंड प्रथम कोणास दिसतें, याची आजोबा-आजींत चढाओढ लागे.

या सुखाची एक काळी बाजू आहे, आणि ती टाळून हा इतिहास सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दिवाळीच्या सुमाराचा समुद्र वरून शांत दिसतो. परंतु पावसाळा सरल्यानंतरहि अरबी समुद्रांत वादळें उठतात. ‘विजळी’ या नांवानें ओळखली जाणारी शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ ही बोट नोव्हेंबर १८८८ मध्यें काठेवाडच्या किनाऱ्यालगत सर्व माणसांसह नाहींशी झाली. नोव्हेंबर १९२७ मध्यें ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी कोंकणच्या समुद्रांत एकाच वादळांत, एकाच दिवशीं बुडाल्या. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

तिसरा आघात सर्वांत भयंकर. १७ जुलै १९४७ हा आषाढ अमावास्येचा दिवस. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आलें होतें. अमावास्येच्या निमित्तानें घराकडे निघालेल्या लोकांनीं भरलेली ‘रामदास’ बोट सकाळीं आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. लांबच्या बोटी पावसाळ्यांत बंद असल्या तरी मुंबई-रेवस हा जवळचा फेरा चालू असे. काशाच्या खडकाजवळ प्रचंड लाट आली, बोट कलली, घाबरलेले लोक एका बाजूस धांवले आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें, त्यामुळें वार्ता मुंबईस पोंचण्यासहि कित्येक तास गेले. जे वांचले त्यांपैकीं पुष्कळांस मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनीं मचव्यांत ओढून घेतलें. त्यासाठीं त्यांनीं हातची मासळी समुद्रांत टाकली, असें सांगतात. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरांत कुलाबा जिल्ह्यांतील वडीलधारीं माणसें होतीं, त्यांनीं या दिवसाचें नांव दबलेल्या आवाजांत घेतलेलें ऐकलें असेल.

या अपघातांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. सणाला घरीं पोंचण्याची घाई ही माणसाची सर्वांत निर्मळ घाई आहे, आणि म्हणूनच ती सर्वांत धोक्याची. आईबापांच्या ओढीनें निघालेला माणूस बोटींत किती जण चढले हें मोजीत नाहीं, आभाळाकडे पाहत नाहीं. तें मोजणें आणि तें पाहणें हें बोट चालविणाऱ्याचें व सरकारचें काम आहे. प्रवाशाच्या प्रेमाचा भार त्याच्याच जिवावर पडूं देतां कामा नये.

‘रामदास’ बुडाल्यावरहि बोटी बंद पडल्या नाहींत. पडणें शक्यच नव्हतें, कारण दोन घरें तशींच दोन ठिकाणीं होतीं. १९६१ सालीं गोवा मुक्त झाल्यावर मुंबई-पणजी प्रवासास पुन्हा बहर आला. ‘रोहिणी’, ‘कोंकण सेवक’, ‘कोंकण शक्ति’ हीं नांवें घरोघर झालीं. पुढें खाड्यांवर पूल झाले, एस. टी. च्या गाड्या गांवोगांव पोंचल्या, आणि विसावें शतक सरत आलें तसें डेकच्या प्रवाशांचें युग मावळलें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली, आणि एका दिवसाचा प्रवास एका रात्रीचा झाला. २०१८ सालीं ‘आंग्रिया’ या नांवाची सहलीची बोट मुंबई-गोवा मार्गावर सोडण्यांत आली. तिच्यावर शय्यागृहें होतीं, पोहण्याचा तलाव होता. पण मधल्या बंदरांवर गांठोडें घेऊन उभ्या राहिलेल्या आजीसाठीं ती नव्हती.

रेल्वेच्या डब्यांतून आतांहि नव्या भाताचे पोहे मुंबईस येतात, आणि मुंबईंत सर्व मिळतें असें मुलगे आतांहि सांगतात. आगबोट गेली, तिनें शंभर वर्षें निभावलेलें नातें मात्र टिकून आहे. त्या नात्यासाठीं कमरभर पाण्यांतून मचव्यावर चढलेल्या म्हाताऱ्या माणसांची, त्यांना हात देणाऱ्या खलाशांची, आणि जे घरीं पोंचलेच नाहींत त्यांची आठवण कोंकणच्या इतिहासांत किल्ल्यांच्या व लढायांच्या शेजारीं ठेवणें, हें पुढच्या पिढीचें कर्तव्य आहे.