आई-वडिलांना निवृत्ती परवडेल का? हिशेब मांडण्याची रीत

खासगी कारखान्यात, दुकानात किंवा हॉटेलात तीस वर्षे राबलेल्या माणसाला ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार असतो. परंतु सरकारी सेवकासारखे खात्रीचे निवृत्तिवेतन त्याच्या पाठीशी नसते. अशा वेळी घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडे प्रश्न येतो, ‘सोडू का नोकरी?’ या प्रश्नाला भावनेच्या भरात दिलेले ‘सोडा, आम्ही आहोत’ हे उत्तर प्रेमाचे असले तरी पुरेसे नसते. हातात किती लाख येणार यापेक्षा दरमहा किती येणार, किती जाणार आणि ते किती वर्षे चालणार, हे पाहावे लागते.

आधी खर्च, मग उत्पन्न

हिशेबाची सुरुवात खर्चापासून करावी. किराणा, वीज, गॅस, मासळी, औषधे व प्रवास हे मासिक खर्च सहज आठवतात. विसरतात ते वर्षातून एकदा येणारे: चतुर्थी, जत्रा, लग्नकार्यातील आहेर, पावसाळ्यापूर्वीची कौलांची डागडुजी, घरपट्टी, विम्याचे हप्ते. यांची वार्षिक बेरीज करून तिला बाराने भागावे आणि मासिक खर्चात मिळवावे. त्यासाठी बँकेच्या पासबुकातील वर्षभराच्या नोंदी पुढ्यात ठेवणे उत्तम. गृहकर्ज किंवा धाकट्या भावंडाचे शिक्षण शिल्लक असेल तर ते वेगळ्या रकान्यात लिहावे, कारण ते कधीतरी संपणारे आहे.

हातात येणारे पैसे

खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्याच्या वाट्याला साधारणतः तीन गोष्टी येतात.

भविष्यनिर्वाह निधी: कर्मचारी वेतनाच्या १२ टक्के भरतो, मालकही तेवढेच भरतो. मात्र मालकाच्या हिश्शातील ८.३३ टक्के रक्कम (१५ हजार रुपये वेतनाच्या मर्यादेत, म्हणजे महिना १,२५० रुपयांपर्यंत) पेन्शन योजनेत जाते. पासबुक पाहताना नाव, जन्मतारीख व वारसनोंद बरोबर आहे ना, आणि जुन्या नोकरीचे खाते नव्याला जोडले आहे ना, हे तपासावे.

पेन्शन: १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे सूत्र सोपे आहे: निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण पेन्शन ५८व्या वर्षी सुरू होते. त्याआधी, ५० वर्षांनंतर ती घेतली तर दरवर्षामागे ४ टक्के कपात होते. ६० वर्षांपर्यंत थांबल्यास तेवढीच वाढ मिळते. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी वेतनाची मर्यादा ६,५०० रुपये धरली जाते, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. त्यामुळे तीस वर्षे पूर्ण करूनही पेन्शन साडेचार हजारांच्या आसपास राहते. पेन्शनधारकाच्या पश्चात पती किंवा पत्नीला त्याच्या निम्मी मिळते.

ग्रॅच्युइटी: अखेरच्या मासिक वेतनाला १५ने गुणून २६ने भागावे व सेवेच्या वर्षांनी गुणावे. वीस हजार रुपये वेतन व तीस वर्षे सेवा असेल तर ही रक्कम सुमारे ३ लाख ४६ हजार होते.

एक काल्पनिक उदाहरण

वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तीस वर्षे काम केलेले ५८ वर्षांचे वडील कल्पावेत. निधीत साडेसोळा लाख आणि वरीलप्रमाणे ग्रॅच्युइटी, असे मिळून वीस लाख हाती येतील. दोन लाख अडीअडचणीसाठी बाजूला ठेवून अठरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतवले. ही योजना साठीनंतरची असली तरी ५५ वर्षांनंतर निवृत्त झालेल्यांना, निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडता येते. मर्यादा तीस लाखांची आहे. एप्रिल २०२३पासूनचा ८.२ टक्के दर धरला तर व्याज महिन्याला सरासरी १२,३०० रुपये पडते. ते मिळते मात्र दर तीन महिन्यांनी. पेन्शन धरून उत्पन्न १६,८०० रुपये. दोघांचा खर्च २२ हजार असेल, तर महिन्याला ५,२०० रुपयांची तूट.

आता हेच वडील आणखी दोन वर्षे थांबले, तर? पगारवाढ धरली नाही तरी निधी व ग्रॅच्युइटी मिळून सुमारे सव्वाचोवीस लाख होतात, पेन्शन ८ टक्क्यांनी वाढते आणि मासिक उत्पन्न वीस हजारांवर जाते. परंतु महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर तोवर खर्चही २४,७०० रुपयांवर गेलेला असतो. म्हणजे तूट ४,७०० रुपयांची उरतेच. दोन वर्षांच्या श्रमांनी ती फारशी मिटत नाही, पुढे ढकलली जाते. याच महागाईत बारा वर्षांनी खर्च दुप्पट होईल आणि व्याज मात्र जवळपास तेवढेच राहील. म्हणून सगळे व्याज खर्चून टाकणारी योजना सत्तरीत तोकडी पडते.

आजारपणाचा रकाना

कंपनीचा वैद्यकीय विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो. स्वतंत्र विमा घ्यायचा असेल तर तो निवृत्तीच्या आधीच घ्यावा. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. ईएसआयचे सदस्य असलेल्यांना अटींच्या अधीन राहून, अल्प वार्षिक शुल्क भरून निवृत्तीनंतरही उपचार मिळतात. गोव्यातील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, तर त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्डाचे नूतनीकरण मात्र वेळेवर हवे. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेचे दार खुले झाले आहे. बांबोळीचे गोमेकॉ आणि जिल्हा इस्पितळे हा आधार आहेच. तरीही रोजची औषधे आणि जाण्या-येण्याचा खर्च स्वतंत्र धरावा.

पैसे कुठे ठेवू नयेत

निवृत्तीची सगळी पुंजी एकाच बँकेत, तीही केवळ ओळखीपोटी ठेवणे धोक्याचे. रिझर्व्ह बँकेने २०२०मध्ये म्हापसा अर्बनचा आणि २०२१मध्ये मडगाव अर्बनचा परवाना रद्द केला, ही उदाहरणे गोमंतकीयांपुढे आहेत. ठेवविम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच असते आणि पतसंस्थांतील ठेवींना ते मुळीच नसते. जास्त व्याजाचे आमिष दिसले की हा आकडा आठवावा. टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजना (एकट्याला नऊ लाख, संयुक्त खात्याला पंधरा लाखांपर्यंत) हा दरमहा व्याज हवे असलेल्यांसाठी सुरक्षित पर्याय आहे.

घर म्हणजे पुंजी नव्हे

‘वेळ पडली तर घर-जमीन आहेच’ हे वाक्य गोव्यात जपून उच्चारावे. वाडवडिलांच्या अनेक घरांच्या वाटण्या झालेल्या नसतात. इन्व्हेंटरीचा दावा पूर्ण होईपर्यंत त्यातील हिस्सा पैशांत मोजता येत नाही. शिवाय येथील नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर मालमत्ता पती-पत्नीची सामाईक असते आणि जोडीदाराच्या संमतीवाचून ती विकता येत नाही. राहते घर मुलांच्या नावे करून देण्याचीही घाई नको. करून द्यायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहावी. ती पाळली गेली नाही तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३नुसार असे हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते.

तूट उरली तर

पर्याय चार आहेत: आणखी काही काळ नोकरी, अर्धवेळ हलके काम, खर्चात कपात किंवा मुलांचा हातभार. चौथा पर्याय निवडायचा असेल तर आकडा ठरवून, भावंडांत वाटून, ठरलेल्या तारखेला आई-वडिलांच्या खात्यात जमा व्हावा. मागावे लागणारे पैसे आणि न मागता येणारे पैसे यांत म्हातारपणी मोठे अंतर असते.

हिशेब मांडताना आईला बाजूला बसवून चालणार नाही. वडिलांमागे ती एकटी राहिली तर पेन्शन निम्मी होईल, खर्च मात्र निम्मा होणार नाही. म्हणून सर्व खाती संयुक्त असावीत, वारसनोंदी पूर्ण असाव्यात आणि कागदपत्रे कुठे आहेत हे तिला ठाऊक असावे. घरकाम, शेजारच्या मुलांची शिकवणी किंवा शिवणकाम यांवर आयुष्य काढलेल्या आईला स्वतःची पेन्शन नसतेच. अशा मातांनी साठीनंतर दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची पात्रता तपासावी. तिला उत्पन्नाची व गोव्यातील वास्तव्याची अट आहे.

मुलांनी आकडे मांडावेत, कागद जमवावेत, शंका विचाराव्यात. निर्णय मात्र ज्याने नोकरी केली त्याचा. गुडघे दुखत असताना रात्रपाळी करणाऱ्या माणसाला थोडे कमी पैसे आणि थोडी जास्त झोप हवी असेल, तर तोही हिशेबच आहे. तो त्याला आकडे समोर ठेवून करता यावा, एवढीच मुलांची जबाबदारी.