तलकाडची वाळू आणि कावेरीचा हिशेब : जमिनीची धूप व नदीतील गाळ कसा मोजतात?

तलकाड (म्हैसूर) : कावेरीच्या डाव्या काठावरील तलकाड हे गाव वाळूच्या टेकड्यांसाठी आणि त्यांखाली गाडल्या गेलेल्या मंदिरांसाठी ओळखले जाते. ही पश्चिम गंग राजांची राजधानी. होयसळ राजा विष्णुवर्धन याने चोळांचा पराभव केल्यानंतर इ.स. १११७ च्या सुमारास येथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. पाताळेश्वर व मरुळेश्वर या शिवालयांत जाण्यासाठी आजही भोवतालच्या वाळूच्या पातळीवरून खाली उतरावे लागते.

लोककथेनुसार, १६१० मध्ये राजा वोडेयार यांनी श्रीरंगपट्टण घेतले, तेव्हा अलमेलम्मा हिने दिलेल्या शापामुळे तलकाड वाळूखाली गेले. भूशास्त्र व जलविज्ञान या वाळूचा माग नदीपात्रात शोधतात. पावसाळ्यात नदी वाळू आणते, पाणी ओसरल्यावर ती उघडी पडते आणि नैर्ऋत्येचे वारे ती काठावर लोटतात. चौदाव्या शतकात माधवमंत्री यांनी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे प्रवाह बदलून पात्रातील वाळू अधिक उघडी पडली, असेही एक मत आहे. एकोणिसाव्या शतकात लुईस राइस यांच्या म्हैसूर गॅझेटिअरने या टेकड्या वर्षाला नऊ ते दहा फूट गावाकडे सरकत असल्याची नोंद केली होती.

तलकाडची वाळू एक साधी गोष्ट दाखवून देते. डोंगरावरून किंवा शेतातून निघालेला प्रत्येक कण समुद्रापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे 'किती माती झिजली' आणि 'नदीने किती गाळ वाहून नेला' हे दोन वेगळे प्रश्न ठरतात. त्यांची उत्तरे वेगळ्या पद्धतींनी काढली जातात आणि दोन्ही आकडे क्वचितच जुळतात.

शेतातील धूप

शेतातील धुपेचा अंदाज बांधण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र म्हणजे 'सार्वत्रिक मृदा-ऱ्हास समीकरण'. अमेरिकेतील विश्मायर व स्मिथ यांनी ते १९६५ मध्ये आणि सुधारित स्वरूपात १९७८ मध्ये मांडले. पावसाची धूपकारक शक्ती, मातीची झिजण्याची प्रवृत्ती, उताराची लांबी व तीव्रता, पिकांचे अथवा वनस्पतींचे आच्छादन आणि बांधबंदिस्तीसारखे उपाय या घटकांचा गुणाकार केला की दर हेक्टरी दर वर्षी किती टन माती सुटते, याचा अंदाज मिळतो.

या सूत्राला मर्यादा आहेत. ते प्रामुख्याने अमेरिकेतील प्रायोगिक वाफ्यांवरील निरीक्षणांतून तयार झाले आहे. उष्ण कटिबंधात थोड्या वेळात मोठ्या थेंबांचा जोरदार पाऊस पडतो, म्हणून पावसाचा घटक स्थानिक नोंदींवरून नव्याने ठरवावा लागतो. शिवाय, हे समीकरण उतारावरील पातळ थराची व बारीक ओहळांची धूप मोजते. घळी, नदीकाठांची पडझड आणि दरडी त्यात येत नाहीत. कावेरीचा उगम असलेल्या कोडगू जिल्ह्यात ऑगस्ट २०१८ मध्ये अनेक ठिकाणी दरडी कोसळल्या. अशा वेळी सुटलेली माती या सूत्राच्या कक्षेबाहेरच राहते.

भारतात धूप मोजण्याच्या प्रयत्नांना महाराष्ट्राचीही पार्श्वभूमी आहे. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३० च्या दशकातच वाफ्यांतून वाहून जाणारे पाणी व माती मोजण्याचे प्रयोग झाले. देशपातळीवरील बहुचर्चित अंदाज ध्रुवनारायण व राम बाबू यांनी १९८३ मध्ये मांडला. त्यानुसार देशात दर वर्षी सुमारे ५३३ कोटी ४० लाख टन माती जागची हलते. हे प्रमाण हेक्टरी १६.३५ टन इतके आहे. एक हेक्टर क्षेत्रावरील एक मिलिमीटर जाडीच्या थराचे वजन साधारण १३ टन भरते, हे लक्षात घेतल्यास या आकड्याचा अर्थ स्पष्ट होतो.

याच अभ्यासातील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. जागची हललेल्या मातीपैकी सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के जलाशयांत साचते आणि उरलेली ६१ टक्के एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी विसावते. शेताचा सखल कोपरा, ओढ्याचा काठ, तलाव, पूरमैदान ही तिची विश्रांतिस्थाने होत. झिजलेल्या मातीपैकी नदीच्या ठरावीक ठिकाणापर्यंत पोहोचणाऱ्या हिश्श्याला 'गाळ-वहन गुणोत्तर' म्हणतात. पाणलोट क्षेत्र जितके मोठे, तितके हे गुणोत्तर सामान्यतः लहान असते.

नदीतील मोजमाप

नदीतील गाळ मोजण्याचे काम देशात मुख्यतः केंद्रीय जल आयोग करतो. कावेरी खोऱ्यात कोळ्ळेगाल, बिळिगुंडलु, मुसिरी आदी ठिकाणी आयोगाची केंद्रे आहेत. त्यांपैकी कोळ्ळेगाल तलकाडच्या खालच्या अंगास आहे. प्रवाहाच्या ठरावीक खोलीवर बाटली सोडून पाण्याचा नमुना घेतला जातो. तो गाळून, वाळवून त्यातील गाळ तोलला जातो. कणांच्या आकारानुसार त्याचे तीन वर्ग केले जातात. ०.२ मिलिमीटरहून मोठे ते जाड, ०.०७५ ते ०.२ मिलिमीटरचे ते मध्यम आणि त्याहून लहान ते बारीक.

नमुन्यातील गाळाचे प्रमाण आणि नदीचा विसर्ग यांचा गुणाकार केला की त्या दिवशीचा गाळ कळतो. सोयीचे उदाहरण घेतल्यास, सेकंदाला १,००० घनमीटर, म्हणजे सुमारे ३५,३०० क्युसेक विसर्ग असताना लिटरमागे एक ग्रॅम गाळ असेल, तर नदी एका दिवसात ८६,४०० टन गाळ नेते. विसर्ग ५० घनमीटर आणि गाळ लिटरमागे ०.०५ ग्रॅम असेल, तर दिवसाचा आकडा अवघा २१६ टन भरतो. म्हणजे पुराच्या एका दिवसाचा गाळ मंद प्रवाहाच्या ४०० दिवसांइतका होतो.

उष्ण कटिबंधातील नद्यांच्या अंदाजातील मुख्य अडचण येथेच आहे. वर्षाचा बहुतांश गाळ मोजक्या पुरांत वाहतो आणि नेमक्या त्याच वेळी नमुना घेणे धोक्याचे व अवघड असते. नमुने नसलेल्या दिवसांसाठी विसर्ग व गाळ यांचा आलेख वापरला जातो. परंतु पूर चढताना पाणी जितके गढूळ असते, तितके ते उतरताना नसते. त्यामुळे एकाच विसर्गाला दोन वेगळे आकडे मिळतात. सरासरीवर बेतलेला आलेख मोठ्या पुरांचा वाटा कमी दाखवण्याची शक्यता असते. तळाशी घरंगळत, सरपटत जाणारी वाळू बाटलीत येतच नाही. बहुधा तिच्यासाठी अंदाजाने काही टक्के भर घातली जाते. तलकाडसारख्या वाळूच्या पात्रात ही उणीव दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

धरणांनी बदललेला हिशेब

तलकाडच्या वरच्या अंगास कावेरीवर कृष्णराजसागर धरण आहे. त्याचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि त्याची साठवण क्षमता ४९.४५ टीएमसी आहे. तिरुमकूडलु नरसीपूर येथे कावेरीला मिळणाऱ्या कबिनीवरील धरण १९७४ मध्ये पूर्ण झाले. पश्चिम घाटातून येणारा जाड गाळ आता बव्हंशी या जलाशयांत अडतो. त्यामुळे कोळ्ळेगालच्या नमुन्यात गाळ कमी आढळला, तरी त्यावरून कोडगूतील धूप थांबली असा निष्कर्ष काढता येत नाही. जेम्स सिविट्स्की व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जागतिक पातळीवर हाच विरोधाभास मांडला. मानवी हस्तक्षेपामुळे नद्यांतील गाळ वर्षाला सुमारे २३० कोटी टनांनी वाढला, पण जलाशयांत अडकल्याने किनाऱ्यापर्यंत पोहोचणारा गाळ सुमारे १४० कोटी टनांनी घटला.

म्हणूनच जलाशय हेही मोजमापाचे साधन ठरते. पूर्वी होडीतून दोर सोडून खोली मोजली जाई. आता ध्वनिलहरींचा आणि उपग्रह-प्रतिमांचा वापर होतो. वर्षभरात निरनिराळ्या पातळ्यांवर पाण्याने व्यापलेले क्षेत्र प्रतिमांवरून मोजून ते मूळ नकाशाशी ताडले की साठवण किती घटली ते समजते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था राज्यातील जलाशयांची अशी पाहणी करते. १९५० व १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांतून जमिनीवर उतरलेल्या सिझियम-१३७ या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या प्रमाणावरूनही गेल्या काही दशकांत एखाद्या जागेची माती झिजली की साचली, याचा शोध घेता येतो.

आकड्यांचे परिणाम

यातील कोणता आकडा वापरला जातो, त्यावर निर्णय अवलंबून असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हेक्टरी धूप महत्त्वाची असते, कारण सुपीक थर बांधापलीकडे गेला तरी त्याचे नुकसान झालेलेच असते. धरणाचे आयुष्य जलाशयात येणाऱ्या गाळावर ठरते. वाळू उपशाची मर्यादा ठरवताना नदी दर वर्षी किती नवी वाळू आणते हे कळणे आवश्यक असते. तमिळनाडूतील त्रिभुज प्रदेशाला मात्र समुद्राशी टक्कर देण्यासाठी मुखापर्यंत पोहोचणारा गाळ लागतो. महाराष्ट्रात २०१७ पासून राबवण्यात आलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून तलावात साचलेली माती पुन्हा शेतात नेली जाते. मात्र वरच्या उतारावरील धूप कायम राहिल्यास तलाव पुन्हा भरतो, म्हणून गाळ उपशाबरोबरच पाणलोट क्षेत्रातील धुपेचीही नोंद ठेवावी लागते.