पराभूत वकिलाचे नायकत्व

साहित्यातील नायक बहुधा विजयाने मोठा होतो. ॲटिकस फिंच मात्र पराभवाने मोठा झाला. हार्पर ली यांच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीतील हा गोरा वकील १९३० नंतरच्या अलाबामात टॉम रॉबिन्सन या निरपराध कृष्णवर्णीयाचा बचाव करतो. ज्यूरी तरीही टॉमला दोषी ठरविते. पुढे १९९७ मध्ये अलाबामा राज्याच्या वकीलसंघाने लेखिकेच्या मन्रोव्हिल गावी या काल्पनिक वकिलाचे स्मारक उभारले. ज्या भूमीत न्याय नाकारला गेला, तिनेच न्यायाची मूर्ती पूजिली. ॲटिकसच्या सौजन्यात गोऱ्या समाजाला आपल्या सदसद्विवेकाचे समाधान लाभले. टॉमचे मरण मूर्तीच्या छायेत राहिले.

आधी लिहिलेल्या, परंतु २०१५ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘गो सेट अ वॉचमन’मध्ये हाच ॲटिकस वर्णविभक्ततेचा पाठीराखा दिसतो. अनेक वाचकांना तो विश्वासघात वाटला. वस्तुतः एका कादंबरीत त्याला बालिका पाहते, दुसरीत प्रौढ कन्या. मूर्ती घडविली ती बालदृष्टीने. तिची परीक्षा प्रौढ वाचकाने करावयाची आहे. न्यायाच्या कथेत अन्याय सोसणाऱ्याचे स्थान कोणते, हीच त्या परीक्षेची कसोटी होय.