एमएक्स नोंद

एमएक्स नोंद (मेल एक्सचेंजर नोंद) हा डोमेन नाम प्रणालीतील, म्हणजेच डीएनएसमधील, एक नोंदप्रकार आहे. एखाद्या डोमेन नावासाठी येणारे ईमेल कोणत्या सर्व्हरने स्वीकारावेत, हे या नोंदीवरून ठरते. एका डोमेनसाठी अनेक एमएक्स नोंदी ठेवता येतात. त्यामुळे मुख्य सर्व्हर बंद असताना पत्रे राखीव सर्व्हरकडे वळवण्याची सोय होते.

इतिहास

डोमेन नाम प्रणालीची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. मूळ आराखड्यात ईमेलसाठी एमडी व एमएफ असे दोन नोंदप्रकार होते. त्यांच्या जागी एमएक्स हा एकच प्रकार आला. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी ९७४ या दस्तऐवजात त्याचा वापर विशद केला. ईमेल वहनाचे सध्याचे नियम आरएफसी ५३२१ (ऑक्टोबर २००८) मध्ये आहेत.

स्वरूप

प्रत्येक नोंदीत प्राधान्यक्रमांक आणि सर्व्हरचे नाव असे दोन भाग असतात. क्रमांक ० ते ६५५३५ यांदरम्यान असतो; तो जितका लहान, तितके प्राधान्य अधिक. सर्व्हरच्या जागी आयपी पत्ता किंवा टोपणनाव (सीनेम) देणे नियमबाह्य आहे. डोमेनला एमएक्स नोंदच नसेल, तर पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनच्या स्वतःच्या आयपी पत्त्याकडे पत्र नेतो.

उदाहरणार्थ, नाशिकमधील एखाद्या महाविद्यालयाने आपल्या इमारतीतील सर्व्हरला १० आणि पुण्यातील राखीव सर्व्हरला २० हा क्रमांक दिला, तर पत्र प्रथम नाशिकला जाईल. तेथे जोडणी न मिळाल्यास ते पुण्यातील सर्व्हर स्वीकारील, रांगेत जपून ठेवील आणि नाशिकचा सर्व्हर सुरू झाल्यावर त्याच्या स्वाधीन करील. मात्र मुख्य सर्व्हरने पत्र कायमस्वरूपी नाकारले, तर ते राखीव सर्व्हरकडे वळवले जात नाही.

राखीव सर्व्हरची आवश्यकता

राखीव सर्व्हर नसल्यास पत्र लगेच हरवते, हा समज बरोबर नाही. पोहोच न झालेले पत्र पाठवणाऱ्या सर्व्हरने रांगेत ठेवून किमान चार ते पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहावे, असे आरएफसी ५३२१ सांगतो. त्यामुळे काही तासांच्या खंडासाठी राखीव सर्व्हर अनिवार्य नसतो. दीर्घ खंडात मात्र त्याचे महत्त्व वाढते.

एमएक्स नोंदी सांगणारे नामसर्व्हर मुख्य सर्व्हरच्याच इमारतीत असतील, तर वीज किंवा जोडणी खंडित होताच त्या नोंदी बाहेरच्यांना मिळेनाशा होतात आणि राखीव सर्व्हर असून नसल्यासारखा होतो. यासाठी नामसर्व्हरही परस्परांपासून दूरच्या ठिकाणी ठेवावे लागतात. नोंदीतील बदल सर्वत्र पोहोचण्यास तिच्या टीटीएल या मुदतीइतका वेळ लागू शकतो. म्हणून राखीव सर्व्हरची नोंद अडचण उद्भवण्यापूर्वीच करावी लागते.

मर्यादा

नको असलेली पत्रे पाठवणारे अनेकदा मुद्दाम राखीव सर्व्हर गाठतात, कारण तेथील तपासणी बहुधा शिथिल असते. राखीव सर्व्हरकडे वैध पत्त्यांची यादी नसेल, तर तो अस्तित्वात नसलेल्या नावांचीही पत्रे स्वीकारतो आणि नंतर ती परत पाठवतो. प्रेषकाचा पत्ता बनावट असल्यास हा परतावा तिऱ्हाईत, निरपराध व्यक्तीच्या पेटीत जाऊन पडतो. शिवाय राखीव सर्व्हरमार्फत आलेल्या पत्रांना मुख्य सर्व्हरवरील एसपीएफ तपासणीतून वगळले नाही, तर खरी पत्रेही नाकारली जातात. त्यामुळे दोन्ही सर्व्हरांवरील नियम सारखे असणे आवश्यक ठरते.

देवनागरी पत्ते

‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ मध्ये सुरू झाले. मराठी व कोंकणीसह आठ भाषांसाठी ते उपलब्ध आहे. डीएनएसमध्ये अशी नावे प्युनिकोड या रूपांतरित लिपीरूपात साठवली जातात. पत्त्यातील व्यक्तिनामही देवनागरीत असेल, तर एसएमटीपीयूटीएफ८ ही सुविधा (आरएफसी ६५३१, २०१२) लागते. ती मुख्य सर्व्हरवर असून राखीव सर्व्हरवर नसेल, तर ऐन अडचणीच्या वेळी देवनागरी पत्त्यांवरील पत्रे नाकारली जातात. म्हणून अशा डोमेनच्या सर्व एमएक्स सर्व्हरांवर ही सुविधा असावी लागते.