'त्याच्यानंतर आई': मुलाच्या पासपोर्टवरील सहीचा इतिहास

मराठीत 'पालक' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि त्यांतले अंतर सहसा आपल्या लक्षात येत नाही. शाळेच्या पालकसभेतला पालक म्हणजे आई किंवा वडील. कायद्यातला पालक म्हणजे मुलाच्या वतीने सही करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती. इंग्रजीत या दोहोंसाठी 'पेरेंट' आणि 'गार्डियन' असे वेगळे शब्द आहेत. आपण मात्र एकाच शब्दावर भागवले. त्यामुळे आपण पहिल्या अर्थाने पालक आहोत, पण दुसऱ्या अर्थाने नाही, हे अनेक आयांना कुठल्या तरी कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावरच कळते. मुलाच्या पासपोर्टची खिडकी ही त्यांपैकी एक.

2012 साली आमची एक जुनी विद्यार्थिनी आमच्याकडे आली होती. ती तेव्हा एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होती. नवऱ्यापासून वेगळी राहत होती. खटला चालू होता, निकाल लागलेला नव्हता. बारा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघाबरोबर सिंगापूरला जाणार होता. वडिलांची सही मिळत नसेल तर ती का मिळत नाही, याचे प्रतिज्ञापत्र मुद्रांक कागदावर करून द्यायचे होते. तिने कारणे लिहून आणली होती, ती तीन पाने भरली होती. नमुन्यात त्यांसाठी जागा होती दोन ओळींची. भाषेचे शिक्षक म्हणून तिने ती पाने आमच्यापुढे ठेवली आणि आम्ही ती दोन ओळींत आणून दिली. काय गाळले ते आम्हांला अजून आठवते. प्रतिज्ञापत्र देऊनही तिला न्यायालयाची परवानगी आणायला सांगण्यात आले. तारीख मिळाली ती संघ परतल्यानंतरची. मुलगा गेला नाही.

त्या दोन ओळींची जागा कोणी आखली आणि केव्हा, या कुतूहलातून प्रस्तुत लेखाची सुरुवात झाली.

सुरुवात एका अशा प्रवासापासून करावी लागेल की ज्यात पासपोर्टच नव्हता. 1883 साली पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती. रमाबाईंचे पती आदल्या वर्षी वारले होते. ब्रिटिश साम्राज्याच्या प्रजाजनाला इंग्लंडला जायला तेव्हा पासपोर्ट लागत नसे. भाडे आणि हिंमत असली की झाले. पुढे मनोरमेच्या धार्मिक संगोपनावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्यात 'मूल कोणाचे' हा प्रश्न पुरेशा तीव्रतेने आलेला आहे; पण बंदरावर तो कोणी विचारला नाही. आता कल्पना करावी की रमाबाई विधवा नसून नवऱ्यापासून विभक्त असत्या. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे दत्तूला घेऊन वेगळ्या राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना तो काळ ठाऊक आहे. तेव्हाच्या कायद्याच्या दृष्टीने मूल बापाचे होते. 1890 चा पालक व पाल्य अधिनियम सांगत होता की बाप जिवंत असून अपात्र ठरलेला नसेल, तर न्यायालयाने मुलाच्या जिवासाठी दुसरा पालक नेमू नये. हे कलम लागू होण्यासाठी बाप मुलापाशी असण्याची गरज नव्हती. तो हयात असणे पुरे होते. त्या कलमात 'बाप' या शब्दाशेजारी 'किंवा आई' हे शब्द यायला 2010 साल उजाडले.

पहिल्या महायुद्धाने पासपोर्ट सक्तीचा केला. आपल्याकडे 1920 चा पासपोर्ट कायदा त्यातूनच आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून पासपोर्टचा आंतरराष्ट्रीय नमुना ठरवला: बत्तीस पानांची पुस्तिका, निदान दोन भाषांत, त्यांतली एक फ्रेंच. हा नमुना एखाद्या संहितेसारखा वाचण्याजोगा आहे. त्यात पुस्तिकेचा धारक गृहीत धरला आहे पुरुष. 'सोबत पत्नी आणि इतकी मुले' अशी त्याच्या वर्णनानंतर जागा. कुटुंब हे एक वाक्य, त्याचा कर्ता पुरुष, बाकीची मंडळी 'सह' या अव्ययाने जोडलेली. आपल्याकडेही एके काळी आईवडिलांच्या पासपोर्टात मुलांची नावे घालता येत. पुढे मुलांच्या पळवापळवीला आळा बसावा म्हणून 'एका माणसाला एक पासपोर्ट' हे तत्त्व जगभर रूढ झाले. ब्रिटनने मुलांना वेगळा पासपोर्ट देण्याची पद्धत ऑक्टोबर 1998 मध्ये सुरू केली. मूल त्या वाक्याचा स्वतंत्र कर्ता झाले खरे. पण ज्याला सही करता येत नाही असा कर्ता. मग त्याच्या वतीने कोणी सही करायची, हा जोवर दबून राहिलेला प्रश्न होता तो उघड्यावर आला.

स्वतंत्र भारतात बराच काळ पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी मानली जाई. एप्रिल 1967 मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो असे ठरवले, आणि त्याच वर्षी पासपोर्ट अधिनियम झाला. 1978 च्या मनेका गांधी निकालाने तो हक्क अधिक भक्कम केला. ही कहाणी सर्वत्र सांगितली जाते, म्हणून येथे ती लांबवत नाही. मात्र ती प्रौढांच्या हक्काची कहाणी आहे. मूलही 'व्यक्ती' असल्याने हा हक्क त्यालाही आहेच. फक्त तो बजावण्यासाठी त्याला दुसऱ्याचा हात लागतो.

हा हात कोणाचा, ते हिंदूंपुरते 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने सांगून ठेवले होते. (कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील मूल 'अज्ञान' असते. या शब्दाने आम्हांला नेहमीच अस्वस्थ केले आहे. वेगळ्या राहणाऱ्या आईवडिलांच्या मुलाइतके 'सज्ञान' कोणी नसते.) सहाव्या कलमानुसार मुलाचा नैसर्गिक पालक 'बाप, आणि त्याच्यानंतर आई'. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा, अशी पुस्ती आहे. म्हणजे सांभाळणे आईचे आणि सही बापाची. विवाहबाह्य संबंधातून झालेल्या मुलाच्या बाबतीत हाच क्रम उलटा होतो: आई, आणि तिच्यानंतर बाप. निसर्गाने नेमलेला पालक लग्नाच्या नोंदीनुसार बदलतो, ही या 'नैसर्गिक' शब्दाची गत.

'त्याच्यानंतर' या एका शब्दावर खटला लढला गेला, आणि तो लढणारी एक कादंबरीकार होती, ही गोष्ट साहित्याच्या वर्गात सहसा सांगितली जात नाही. गीता हरिहरन यांच्या 'द थाउजंड फेसेस ऑफ नाइट' या पहिल्या कादंबरीला 1993 साली राष्ट्रकुल पुरस्कार मिळाला, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. डिसेंबर 1984 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पतीने रिझर्व्ह बँकेकडे मुलाच्या नावे रोख्यांसाठी अर्ज केला होता. या व्यवहारात आईच पालक राहील, असे दोघांनी मिळून कळवले होते. बँकेने उत्तर दिले की अर्जावर बापाने सही करावी, अन्यथा आईच्या नावे पालकत्वाचा दाखला आणावा. येथे नवराबायकोत भांडण नव्हते. बाप म्हणत होता की सही आईने करावी, आणि कायदा त्याचेही ऐकत नव्हता. या याचिकेबरोबरच वंदना शिवा यांची याचिका ऐकली गेली, आणि तिची पार्श्वभूमी अगदी निराळी होती: घटस्फोटाचा दावा प्रलंबित, मूल आईजवळ, आणि 'नैसर्गिक पालक मीच, माझ्या परवानगीवाचून कोणताही निर्णय होऊ नये' असे पती वारंवार लिहीत असलेले. एका घरात एकमत होते, दुसऱ्यात फारकत होती. दोन्हींत आडवा आला तो तोच एक शब्द.

17 फेब्रुवारी 1999 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. 'त्याच्यानंतर' म्हणजे 'बापाच्या मृत्यूनंतर' असा अर्थ घेतला, तर कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध जाते. म्हणून त्याचा अर्थ 'त्याच्या अनुपस्थितीत' असा घ्यावा. आणि अनुपस्थिती म्हणजे केवळ दूर असणे नव्हे. बाप त्याच घरात राहूनही मुलाबद्दल पूर्ण उदासीन असेल, उभयतांच्या समजुतीने मूल सर्वस्वी आईकडे असेल, किंवा दूर राहत असल्याने वा आजारामुळे बापाला लक्ष घालणे शक्य नसेल, तर तो अनुपस्थितच. काव्यशास्त्र शिकवणाऱ्यांच्या हे तत्काळ ध्यानात येईल: मुख्यार्थाला बाध आला की लक्षणेचा आश्रय करायचा, हा आपल्या परिचयाचा मार्ग. न्यायालयाने तोच धरला. परंतु लक्षणेत वाच्यार्थ पुसला जात नाही. कलमातले शब्द तसेच राहिले, आणि आईला पालक होण्यासाठी आधी बापाची अनुपस्थिती सिद्ध करावी लागणे हेही राहिले. आमच्या विद्यार्थिनीची तीन पाने म्हणजे हीच सिद्धता होती. आईवडील दोघांनाही समान नैसर्गिक पालक मानावे, अशी शिफारस विधी आयोगाने मे 2015 च्या आपल्या 257 व्या अहवालात केली. सहाव्या कलमातील ते शब्द त्यानंतरही बदललेले नाहीत.

बदल झाला तो कायद्यात कमी, नमुन्यांत अधिक. जुलै 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला मुलाच्या पालकत्वासाठी बापाचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, असे ठरवले. मे 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एकट्या आईच्या मुलीच्या पासपोर्टसाठी बापाचे नाव अनिवार्य नाही, असा निर्णय दिला. डिसेंबर 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले: आईवडिलांपैकी एकाचेच नाव पुरे, परिशिष्टे पंधरावरून नऊवर, आणि मुद्रांक व नोटरीऐवजी साध्या कागदावर स्वतःची घोषणा. दोघांची संमती असेल तर परिशिष्ट 'डी', एकाची नसेल तर 'सी'. या 'सी'मध्ये खटला चालू असल्याचे, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय पासपोर्ट देण्यास न्यायालयाने मनाई केलेली नसल्याचे सांगण्याची सोय आहे. भाषेच्या दृष्टीने हा मोठा फरक: परवानगी मिळाली आहे असे दाखवण्याऐवजी मनाई झालेली नाही एवढेच सांगायचे. असे असूनही खिडकीवरची सवय लवकर सुटत नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात सतरा वर्षांच्या एका हुशार मुलीला जपानच्या अभ्यासदौऱ्याला जायचे होते. आईने 'सी' भरून दिले होते, वडिलांची हरकत होती, आणि पासपोर्ट अडला होता. आईवडिलांच्या वादापायी मुलीचा हक्क अडवता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने पासपोर्ट द्यायला लावला.

एवढ्यावर थांबलो तर आम्ही अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. दुसऱ्या पालकाची सही हा निव्वळ पुरुषी अहंकाराचा अवशेष नाही. अमेरिकेत 2001 पासून चौदा वर्षांखालील आणि 2008 पासून सोळा वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टसाठी सर्वसाधारणपणे दोघांचीही संमती लागते. तेथे हा नकाराधिकार आईलाही तितकाच आहे, आणि मूल एकाने परस्पर परदेशी नेऊ नये हा त्यामागचा हेतू आहे. 1980 च्या हेग कराराने अशी नेलेली मुले परत पाठवण्याची व्यवस्था केली. भारताने मात्र त्या करारावर सही केलेली नाही. न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियातल्या एखाद्या मराठी घरात बेबनाव झाला आणि आई मुलाला घेऊन पुण्याला परतली, तर तिकडच्या न्यायालयाच्या लेखी ते अपहरण ठरू शकते. आपले सर्वोच्च न्यायालय मात्र, 2017 च्या नित्या आनंद राघवन निकालात म्हटल्याप्रमाणे, परकीय आदेशापेक्षा मुलाचे हित वरचे मानते. करारावर सही करावी की नाही, यावर आमच्यात एकमत नाही. मारहाणीतून सुटून आलेल्या बाईला 'अपहरणकर्ती' म्हणणाऱ्या व्यवस्थेत आपण का जावे, असे आमच्यापैकी एकीला वाटते. ज्या बापाला मुलाचा आवाज वर्षभर ऐकू आलेला नाही, त्याने कोठे जावे, असे दुसऱ्याला वाटते. ती सही कधी अडसर असते, कधी एखाद्या बापाला किंवा आईला मुलाशी बांधणारा शेवटचा धागा. दोन ओळींच्या जागेतून हा भेद कळत नाही. आम्ही गाळलेल्या मजकुरातून कदाचित कळला असता.

आमच्या विद्यार्थिनीचा मुलगा 2018 साली अठरा वर्षांचा झाला आणि त्याने स्वतःच्या सहीने पासपोर्टचा अर्ज केला. एका पालकाचे नाव पुरे, हा नियम तोवर आलेला होता. त्याने दोघांचीही नावे लिहिली, असे तिने आम्हांला फोनवर सांगितले. का, ते तिने त्याला विचारले नव्हते. आम्हीही तिला विचारले नाही.