जुन्या कोटाचा भाव

जुन्या वस्तूची किंमत गिऱ्हाइकाची ऐपत ठरवते, असे मानले जाते. डब्लिनचा आयव्हा बाजार पाहिला की हे अर्धेच खरे वाटते. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या आसपासच्या गल्ल्यांत जुने कपडे विकणाऱ्या बायका वस्ती-सुधारणेत उठवल्या गेल्या. त्यांच्यासाठी गिनेस घराण्यातील लॉर्ड आयव्हा यांनी फ्रान्सिस स्ट्रीटवर बाजार बांधून दिला; तो 1906 साली उघडला. तिथे कपडे निर्जंतुक करण्याचीही सोय होती, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. साथींच्या त्या काळात कोट कोणाच्या अंगावर होता, ही धास्ती भाव पाडणारच.

गरिबाला स्वच्छतेची चैन परवडत नाही, असा आक्षेप येईल. पण ऐपत फक्त वरची मर्यादा घालते. त्याखालचा भाव विश्वासावरच ठरतो. आपली बोहारीणसुद्धा लुगडे उजेडात धरून विरलेली जागा शोधते, काठाची जर बोटांनी चाचपते, मगच पातेले पुढे करते. मूळ किंमत ती विचारतही नाही.

1990च्या दशकात आयव्हा बाजार बंद झाला. इमारत मात्र फ्रान्सिस स्ट्रीटवर अजून उभी आहे.